झाकलेली मधली अक्षरं

नांदेडच्या आमच्या कॉलनीत माझ्या नोकरीबद्दल तीन मतं आहेत. शेजारच्या वहिनींच्या मते मी कॉल सेंटरमध्ये आहे, कारण दुपारभर कानाला हेडफोन लावून मी इंग्रजीत बोलत असते. इस्त्रीवाल्याच्या मते मी शेअर बाजारात आहे. आणि माझ्या नणंदेला विचाराल तर, "आमची वहिनी घरीच असते." यातलं एकही मत मी आजवर खोडून काढलेलं नाही, कारण खरं समजावून सांगायला बसलं की समोरच्याचा चहा थंड होतो. या अंकाच्या संपादकांनी मात्र कामाबद्दल लिहाच असा लकडा लावला, तेव्हा म्हटलं, होऊन जाऊ द्या एकदाचं.

तर मी पत्ते ठरवते. गल्ली, घर नंबर, पिनकोडवाले नव्हेत. इंटरनेटवर चालणारी जी नाणी असतात, ज्यांना सगळे क्रिप्टो म्हणतात, त्यातल्या एका नाण्याच्या कंपनीत मी काम करते. नाण्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर निम्मे वाचक 'घेऊ का?' म्हणून फोन करतील आणि उरलेले 'बुडालं का?' म्हणून. हे नाणं एकाने दुसऱ्याला पाठवायचं तर घेणाऱ्याचा पत्ता लागतो. हा पत्ता म्हणजे मुळात संगणकाने तयार केलेला एक अवाढव्य आकडा. तो माणसाला वाचता यावा, वहीत उतरवून घेता यावा, फोनवर सांगता यावा अशा रूपात कसा मांडायचा, हे माझं काम. अकरा वर्षं मी एवढंच करते आहे आणि त्याचा पगार घेते आहे.

यात गंमत वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. बँकेत पैसे चुकीच्या खात्यात गेले तर मॅनेजरच्या टेबलासमोर जाऊन आरडाओरडा करता येतो. इथे मॅनेजर नाही आणि टेबलही नाही. चुकीच्या पत्त्यावर पाठवलं की गेलं, जगातला कुणीही ते परत आणू शकत नाही. त्यामुळे पत्त्यातलं एकेक अक्षर आम्ही मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखं निरखून पाहतो.

पहिली दोन वर्षं तर नुसती अक्षरं निवडण्यात गेली. इंग्रजीची सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे, मिळून छत्तीस. त्यातली भांडणं लावणारी कोणती ते शोधायचं. ओ आणि शून्य शेजारी बसले की ओळखू येत नाहीत. आय आणि एक यांचं तसंच. छोटा बी घाईत लिहिला की सहा होतो. म्हणून ओ, आय, बी आणि एक या चौघांना घरी पाठवलं आणि बत्तीस ठेवले. सगळी अक्षरं छोट्या लिपीतली, म्हणजे फोनवर 'कॅपिटल का स्मॉल' हा वाद नाही. सुरुवातीला नाण्याच्या नावाची दोन अक्षरं आणि मग चाळीस अक्षरांचा खरा पत्ता. त्यातली शेवटची सहा अक्षरं आधीच्या सगळ्या अक्षरांवरून गणित करून काढलेली असतात. वाटेत कुठेही एखादं अक्षर चुकलं तर ते गणित जमत नाही, आणि प्रोग्राम 'हा पत्ता बरोबर नाही' म्हणून तिथेच अडवतो. चुकून चूक होणं जवळजवळ बंद झालं. या सहा अक्षरांचा मला फार अभिमान होता, अजूनही आहे.

चाचणीसाठी कंपनीने युरोपात कुठेतरी मोठी प्रयोगशाळा भाड्याने घेतली होती. मी माझी चाचणी स्वयंपाकघरात घेतली. ओट्याजवळ उभी राहून मी अक्षरं वाचायची आणि दाराशी खुर्ची टाकून अण्णांनी लिहून घ्यायची. अण्णा म्हणजे माझे सासरे, मुदखेड जंक्शनवरून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. चाळीस अक्षरं सलग सांगितली तर माणूस तेराव्या-चौदाव्या अक्षराला हरवतो, हे त्यांनीच मला दाखवलं. "चार-चारचे डबे कर की माय, मग बघ कशी गाडी पळते," असं म्हणून त्यांनी पत्त्याचे दहा गट पाडून दिले. आमच्या नाण्याचा पत्ता आज जगभर चारच्या गटांत लिहिला जातो. त्याचं श्रेय कंपनीच्या कागदपत्रांत माझ्या नावावर आहे, ते इथे दुरुस्त करते.

अण्णांची आणखी एक सवय होती. मी सांगून झालं की ते न विचारता पूर्ण पत्ता परत वाचून दाखवायचे. रेल्वेत म्हणे गाडी पुढे सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला फोन करतात. 'रस्ता मोकळा आहे' एवढं तोंडाने म्हणून भागत नाही. पलीकडचा मास्तर आपल्याकडच्या कागदावरचा एक आकडा देतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो आकड्यात लिहायचा, अक्षरात लिहायचा आणि परत म्हणून दाखवायचा. मग गाडी सुटते.

"अण्णा, आता कुणी वाचत नाही हो. सगळे कॉपी करतात," मी म्हटलं.

"मग चूक बी कॉपीच होईल न्हाई का?" अण्णा म्हणाले, आणि पेपर उघडून बसले. त्यांचं हे बोलणं मी हसून सोडून दिलं.

कारण तेव्हा मी एका नव्या कामात बुडाले होते. चाळीस अक्षरांचा पत्ता मोबाईलच्या पडद्यावर तीन ओळी खात होता आणि दिसायला अगदी गबाळा होता. मी एक साधी युक्ती काढली. पहिली चार अक्षरं दाखवायची, मग तीन टिंबं, मग शेवटची चार. मधले आठ गट झाकून टाकायचे. मी असं सुचवलं त्याला कारण आपल्याकडची रीतच होती. गॅसवाला विचारतो, "शेवटचे चार सांगा." कुरिअरवाला विचारतो, "शेवटचे चार?" आपल्या भागात माणसाचा मोबाईल, त्याचं आधार कार्ड, त्याची गाडी, सगळं शेवटच्या चार आकड्यांवर चालतं. मी मीटिंगमध्ये हे इंग्रजीत भारी शब्दांत मांडलं आणि युरोपातल्या आमच्या प्रमुखाने चक्क टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आवृत्तीत पडदा सुटसुटीत झाला.

अण्णांनी तो नवा पडदा चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, "मधलं कुठं गेलं?"

"आहे आतमध्ये. झाकलंय फक्त."

"झाकायला ते काय दही हाय का?" अण्णा म्हणाले.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर वेगळा अंक काढावा लागेल. नायगावच्या एका गृहस्थांनी घर बदललं म्हणून आमच्याकडे क्रिप्टोचा पत्ताही बदलून मागितला होता, सोबत नव्या घराच्या वीजबिलाची प्रत जोडून. पण या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहेत दत्ता भाऊजी. माझ्या नवऱ्याचे चुलत भाऊ, अर्धापूरला केळीचे मोठे व्यापारी. एक दिवस ते केळीचा आख्खा घड घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, मला बी त्याचा एक पत्ता काढून द्या. पण शेवटी चार नऊ पायजेत."

"भाऊजी, तसं मागता येत नाही. संगणक देईल तो घ्यायचा."

"कामून न्हाई येत? जीपचा नंबर चार नऊ हाय, मोबाईलचा हाय. केळीच्या खोक्यावर बी चार नऊ छापून राहिलो मी. लोक नावानं न्हाई, नवानं ओळखतात मला!"

खरं तर मागता येत नाही, पण मिळवता येतं. संगणकाला सांगायचं, नवे नवे पत्ते काढत जा, आवडला नाही की टाकून दे, शेवटी चार नऊ आले की थांब. शेवटच्या चार अक्षरांसाठी सरासरी दहा लाखांवर पत्ते काढून बघावे लागतात. माणसाला जन्म पुरणार नाही, माझ्या जुन्या लॅपटॉपला चहा होईपर्यंतचा वेळ लागला. कप खाली ठेवायच्या आत चार नऊवाला पत्ता पडद्यावर हजर. भाऊजी इतके खूष झाले की पुढचा महिनाभर आमच्याकडे केळीची भाजी, केळीचे काप आणि शिकरण यांपलीकडे काही झालं नाही. आणि माझ्या हातून नेमकं काय झालं होतं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आता बिराजदार सरांबद्दल. लातूरला मी शाळेत होते तेव्हा सर आम्हाला गणित शिकवायचे. लातूरमध्ये गणिताच्या शिक्षकाला काय मान असतो हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. सर गल्लीत आले की गल्लीतला टीव्ही बंद व्हायचा. त्यांचा एकच नियम होता. उत्तर बरोबर आलं म्हणून गणित बरोबर असं नाही, मधल्या पायऱ्या दाखवा. दहावीच्या सराव परीक्षेत मी एका गणिताचं नुसतं उत्तर लिहिलं होतं, बरोबर उत्तर, आणि सरांनी त्याला शून्य दिलं. मी एका मार्कासाठी दोन दिवस त्यांच्या मागे फिरले. "पुस्तकाच्या मागं उत्तर छापलेलं असतंय, मंजू. तुझं काय ते मधलं दाखव," एवढंच ते म्हणत राहिले. मार्क मिळाला नाही.

सर निवृत्त झाले आणि त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मुलांसाठी फुकट अभ्यासिका सुरू केली. खेड्यांतून लातूरला शिकायला येणारी, खोलीत सहा-सहा जण राहणारी मुलं तिथे शांतपणे बसून वाचायची. बसायची म्हणजे सतरंजीवर. गेल्या वर्षी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ठरलं की सरांच्या अभ्यासिकेला टेबल-खुर्च्या द्यायच्या. ग्रुपमधले बरेच जण माझ्यासारखेच संगणकाच्या कामात, आणि माझ्या भरीला पडून बऱ्याच जणांकडे आमचं ते नाणं थोडं थोडं होतं. कुणीतरी म्हटलं, तेच देऊ. बंगळुरूचा श्रीकांत ते रीतसर रुपयांत बदलून, कर भरून, सुताराला पैसे देणार होता.

सरळ सगळ्यांनी श्रीकांतला पाठवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण आपल्याकडे अशी देणगी परस्पर देत नाहीत. ती आधी सरांच्या हातात गेली पाहिजे, सरांनी हात लावून पुढे दिली पाहिजे. ही कल्पना माझीच. मी मुद्दाम लातूरला जाऊन सरांच्या मोबाईलवर आमचं अ‍ॅप टाकून दिलं, कसं पाठवायचं ते शिकवलं. "हे पत्ते मी तयार केलेत, सर," हे तीनदा तरी सांगितलं असेल. त्यांनीही शेजारच्यांना बोलावून सांगितलं, "आमच्या मंजूनं केलंय हे."

आणि शिकवता शिकवता मी त्यांना एक शहाणपणही दिलं. आपण फोनवरून पैसे पाठवताना नवीन माणसाला आधी एक रुपया टाकतो ना? 'आला का बघा' म्हणून विचारतो आणि मग बाकीचे टाकतो. तसंच करा, मी म्हटलं. आधी चिमूटभर पाठवा, श्रीकांतचा फोन आला की उरलेलं.

सगळ्यांची वर्गणी सरांच्या पत्त्यावर जमा झाली आणि सरांनी तंतोतंत तसंच केलं. एका दुपारी श्रीकांतने पाठवलेला पत्ता घेतला, चिमूटभर नाणं पाठवलं. श्रीकांतचा फोन आला, "आलं सर." तेवढ्यात अभ्यासिकेतली दोन मुलं एक गणित घेऊन आली. सर तासभर त्यात रमले. परत येऊन मोबाईल उघडला तर व्यवहारांच्या यादीत सगळ्यात वर तोच पत्ता दिसत होता. पहिली चार तीच, टिंबं, शेवटची चार तीच. सरांनी त्यावर बोट ठेवलं, 'यालाच पुन्हा पाठवा' दाबलं, पुन्हा एकदा चार आणि चार ताडून पाहिली आणि सगळं पाठवून दिलं.

संध्याकाळी श्रीकांतचा फोन आला. "सर, केव्हा पाठवताय?"

सरांनी मला पडद्याचा फोटो पाठवला. मी तो पाहिला आणि अकरा वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर सांगितलं, "पत्ता बरोबर आहे, सर. काळजी करू नका. कधी कधी उशीर होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. आवाज वर्गातला होता. "मंजू, श्रीकांतनं पूर्ण पत्ता काढून ताडून बघितला. पुढची चार अन् मागची चार सारखी हायत, मधलं सगळं वेगळं हाय. मला एक सांग. बत्तीस अक्षरं. आठ जागा. योगायोगानं जुळायची शक्यता किती?"

मी लगेच मांडलं. बत्तीसचा आठवा घात. "सर, लाख कोटींत एकाहूनही कमी."

"मग ती माझ्याच वाट्याला कशी आली?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि समोर ओट्यावर दत्ता भाऊजींच्या केळीचा घड दिसला. योगायोग नव्हताच तो. भाऊजींसाठी जे मी चहा होईपर्यंत केलं होतं, तेच कुणीतरी भरपूर ताकदीच्या यंत्रांवर तासाभरात केलं होतं. या नाण्यांचे व्यवहार कुणालाही उघड दिसतात, आणि असले लोक नुसती त्यांच्यावर पाळत ठेवून बसतात. कुणी चिमूटभर पाठवलं की त्यांना कळतं, मागून मोठं येणार आहे. मग ज्याला पाठवलं त्याच्या पत्त्याचा जुळा काढायचा, पुढून चार सारखी, मागून चार सारखी. त्या जुळ्या पत्त्यावरून मूळ पाठवणाऱ्याला धुळीएवढं नाणं पाठवायचं, म्हणजे तो आपोआप यादीत वर जाऊन बसतो. माझी ती अभिमानाची सहा अक्षरं चूक पकडतात. हा पत्ता चुकीचा नव्हता, गणिताने अगदी बरोबर होता, फक्त दुसऱ्याचा होता. मधलं दिसलं असतं तर पाचवीतल्या मुलानेही फरक ओळखला असता, आणि मधलं मी झाकलं होतं.

फोनवर मला हे सांगता आलं नाही. नांदेडहून लातूरला जाईपर्यंत बसमध्ये वाक्यं जुळवत होते. तोवर सरांनी ग्रुपवर लिहून टाकलं होतं: "चूक माझी. शेवटचं उत्तर ताडून पाहिलं, मधल्या पायऱ्या तपासल्या नाहीत. ज्या गोष्टीसाठी तुमचे मार्क कापले तीच मी केली. माफ करा." खाली साठ-सत्तर जणांनी हात जोडले होते. ते वाचून मला भर बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

सर सतरंजीवर मुलांमध्ये बसले होते. मोबाईल कपाटावर, बंद करून ठेवलेला. मी म्हटलं, "सर, मधल्या पायऱ्या तुम्ही तपासल्या नाहीत, कारण त्या दिसतच नव्हत्या. ती टिंबं मी घातली."

"का बरं?"

"पडद्यावर चांगलं दिसत नव्हतं."

सरांनी समोरच्या मुलाची वही मिटून त्याला परत दिली. मग म्हणाले, "मग अर्धी चूक तुझी. अर्धी माझी राहू दे, मला ती सवयीची झालीय." बाईसाहेबांनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पण निघताना मी अ‍ॅपचा विषय काढला तशी सरांनी हातानेच थांबवलं. "ते आता नको. माझा हिशोबीपणा संपला, मंजू." पोलिसांत तक्रार दिली, कंपनीने चौकशी केली, पण गेलेलं गेलंच. मला त्याहून जास्त खुपला तो कपाटावरचा बंद मोबाईल. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या चुका लाल पेनाने शोधल्या, त्यांना आता स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा वाटत नव्हता.

घरी आल्यावर मी अण्णांसमोर बसले आणि म्हटलं, "अण्णा, तो प्रायव्हेट नंबर परत सांगा. या वेळी लिहून घेते."

आठवडाभर आम्ही दोघं त्यावर बसलो. नवी रचना अशी ठरली. पूर्ण पत्ता दिसणार, दहाच्या दहा गट, गबाळा तर गबाळा. यादीतून बोट ठेवून परत पाठवायची सोय बंद. आणि पाठवण्याआधी अ‍ॅप स्वतः मधले कोणतेही दोन गट निवडणार, दर वेळी वेगळे, आणि सांगणार की घेणाऱ्याला फोन करा, हे दोन गट त्याच्या तोंडून ऐका आणि इथे भरा. जुळले तरच गाडी सुटेल.

मीटिंगमध्ये प्रमुख म्हणाला, लोक फोन करणार नाहीत, कंटाळतील. मी समजावून थकले. शेवटी म्हटलं, थांबा, आणि अण्णांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. अण्णांनी रेल्वेच्या इंग्रजीत, मधे मधे माझी मदत घेत, दोन गाड्या एका रुळावर का येत नाहीत ते सांगितलं. "साहेबाला सांग माय," मधेच ते मला म्हणाले, "मला बी लई कंटाळा यायचा. पण मुदखेडला माझ्या ड्युटीत एकदा बी गाडीला गाडी धडकली न्हाई." मी ते भाषांतर करून सांगितलं. तेव्हा कळलं की आमच्या या प्रमुखाच्या घरी माळ्यावर खेळण्यातली आख्खी रेल्वे मांडलेली आहे. पुढचा अर्धा तास तो अण्णांना सिग्नलबद्दल प्रश्न विचारत होता आणि माझा विषय बाजूलाच राहिला. रचना मात्र मंजूर झाली. नाही म्हणायला, दोन गट न भरता पुढे जायचं एक छोटं बटण त्याने ठेवायला लावलंच. त्या बटणावरून मी अजून दर महिन्याला भांडते.

काही महिन्यांनी ग्रुपवर पुन्हा वर्गणी जमली. सरांचा निरोप आला, "थेट श्रीकांतला पाठवा. मधे माझा हात नको." सगळ्यांना ते पटलंही. मला पटलं नाही. खुर्च्या तशाही आल्या असत्या, पण सर त्या खुर्च्यांकडे बघून रोज काय आठवत बसले असते ते मला दिसत होतं. मी ग्रुपवर भांडून वर्गणी सरांच्याच पत्त्यावर जमा करायला लावली आणि अण्णांना बरोबर घेऊन लातूर गाठलं. सरांना दाखवायला नव्या पडद्याचा एक छापील कागदही घेतला होता.

सर आधी मोबाईल हातात घेईनात. अण्णाच त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले. दोन म्हातारे, एक रेल्वेचा, एक गणिताचा, आणि भोवती पुस्तकं बंद करून बघणारी पोरं. सरांनी शेवटी चष्मा पुसला, श्रीकांतचा पत्ता घातला. पडद्यावर आलं: घेणाऱ्याला फोन करा, चौथा आणि सातवा गट विचारा.

"श्रीकांत, चौथा सांग," सर म्हणाले. तिकडून आवाज आला, "क्यू, सात, झेड, टी."

सरांनी भरायला बोट पुढे केलं, तशी अण्णांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "आधी परत म्हणून दाखवा, सर. त्यांनी हाव म्हटलं की मग भरा."

सरांनी परत म्हणून दाखवलं. श्रीकांतने बंगळुरूहून "हो सर" म्हटलं. सातव्या गटाचंही तसंच झालं. मग सरांनी न घाबरता, पण मधला एकेक गट बोटाने मोजत, पूर्ण पत्ता एकदा डोळ्यांखालून घातला आणि पाठवा दाबलं. फोन चालूच होता. "आलं सर," श्रीकांत म्हणाला, "सगळं आलं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मोबाईल कपाटावर ठेवला नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवला.

मग त्यांनी माझा तो छापील कागद मागून घेतला. दहाच्या दहा गट नीट वाचले. खिशातून लाल पेन काढलं, कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, त्याला गोल केला आणि कागद माझ्याकडे दिला. दहापैकी नऊ.

"सर, एक कशाचा कापला?"

"पायऱ्या आधीच्या पेपरात दाखवायच्या होत्यास," सर म्हणाले.

दहावीत एका मार्कासाठी मी दोन दिवस भांडले होते. या वेळी कागदाची नीट घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि सरांच्या पाया पडले.